मुंग्यांचा वळसा

१

रविवारी सकाळी सात वाजता मी फवारणीला लागायचे. रिठे शनिवारीच भिजत घातलेले असायचे. त्यांचं फेसाळ पाणी गाळायचं, त्यात कडुनिंबाचं तेल थेंब थेंब सोडायचं आणि बाटली हलवत मागच्या वाफ्यांकडे जायचं. भेंडीच्या पानांच्या उलट्या बाजूला मावा बसतो, म्हणून आधी भेंडी. मग वांगी. मग जास्वंद, कारण जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असणारच. पांढऱ्या माशीसाठी मी डब्यांच्या झाकणांना पिवळा रंग देऊन, त्यावर एरंडेल फासून ती सुतळीने ठिकठिकाणी टांगली होती. माशी पिवळ्यावर येते आणि चिकटते. घरात ओट्याच्या फटींत हळद, कपाटांत तमालपत्राची पानं, डाळींच्या डब्यांत निंबाचा पाला आणि अण्णांच्या पेटीदुरुस्तीच्या सामानात कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या कांड्या.

हे सगळं मी हौसेने करत नव्हते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दमा होता. कॉइल लावली की पाच मिनिटांत त्यांच्या छातीत शिट्टी वाजायला लागे. डांबरगोळीचा वास चालत नसे, बाजारातला फवारा चालत नसे, निंबाची धुरीसुद्धा नाही. त्यामुळे घरातल्या किड्यामुंगीचं जे काही करायचं ते धुराशिवाय आणि विषाशिवाय. मी शाळेत विज्ञान शिकवते. कोणत्या वासाला कोण बिचकतं, कोणत्या रंगावर कोण येतं, याची मला मुळातच ओढ होती.

अण्णांचं नाव आत्माराम. कुडाळला त्यांनी पन्नास वर्षं पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त केल्या. भजनातल्या, शाळेतल्या, देवळातल्या. आई गेल्यावर ते माझ्याकडे चंदनसारच्या फ्लॅटवर राहायला आले. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे आम्ही दोघंच. पण आमच्या इमारतीला लागून मोठा टॉवर उठत होता आणि दिवसभर सिमेंटची धूळ आत यायची. "मिरे, माझा भाता फाटलाय गो," अण्णा छातीवर हात ठेवून म्हणायचे. "आणि ह्या भात्याला ठिगळ लागत नाही." एकदा रिक्षातून दवाखान्यात नेताना त्यांचे ओठ निळे पडलेले मी पाहिले आणि ठरवलं, की आता हवेची जागा बघायची.

गणपती झाल्यावर आम्ही पापडीला वाडीतलं एक कौलारू घर भाड्याने घेतलं. पुढे मोगरा, मागे भाजीचे वाफे आणि वाफ्यांच्या पलीकडे बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. इकडे पुष्कळशी बुजवली गेली, हे शाबूत होतं. कडेला अळू माजलेलं, पाण्यावर हिरवी साय आणि उतरायला चार दगडी पायऱ्या.

घरमालकीण क्लेमेंटीन शंभर पावलांवर राहायची. सत्तरीची, ताठ, केसांत अबोलीचा गजरा. किल्ली देताना म्हणाली, "टीचर, हवा मस्त आहे. पण मच्छर लय. पाणी आहे ना मागे. काकांना मच्छरदाणी लावा."

"गप्पी मासे सोडीन," मी म्हटलं.

"सोडा," ती हसून म्हणाली. "आम्ही पण सोडतो. मच्छर काय ऐकत नाय."

२

घर तीन खोल्यांचं होतं. पुढे स्वयंपाकघर, मग मधली खोली आणि शेवटी अण्णांची. त्यांच्या खोलीला मागचं दार होतं, ते थेट वाफ्यांत उघडायचं. त्या दाराच्या उंबऱ्याला लागून बाहेर काळ्या मुंग्यांचं वारूळ होतं. वारूळ कसलं, मातीचा लहानसा ढिगारा आणि मधोमध भोक. दारापासून चार बोटांवर.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंग्यांनी माझा गुळाचा डबा शोधून काढला. मी रांगेचा माग काढत मागे मागे गेले, कारण हळद कुठे टाकायची ते आधी कळायला हवं. रांग ओट्यावरून खिडकीत गेली. खिडकीतून बाहेर. बाहेरच्या भिंतीने कोपऱ्यापर्यंत, तिथून वळून न्हाणीघराच्या कडेने, पुन्हा वळून मागच्या भिंतीने आणि शेवटी त्या ढिगाऱ्यात.

मी तिथे उकिडवी बसून राहिले. मुंगी आळशी नसते, पण उगाच चालतही नाही. जवळची वाट सापडली की दोन दिवसांत सगळी रांग तिथून जाते, हे मी सातवीच्या मुलांना दर वर्षी वर्गात गुळाचा खडा ठेवून दाखवते. इथे दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून अण्णांच्या खोलीत, तिथून सरळ स्वयंपाकघरात. पंचवीस पावलं. ती सोडून त्या आख्ख्या घराला वळसा घालत होत्या.

मी गुळाचा एक खडा अण्णांच्या खोलीत फटीपासून वीतभर आत ठेवला आणि दुसरा मधल्या खोलीत. मधल्या खोलीतला दहा मिनिटांत काळा झाला. अण्णांच्या खोलीतला संध्याकाळपर्यंत तसाच होता. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटून फरशीवर डाग पडला, पण मुंगी आली नाही.

मग मला उलगडा झाला. अण्णा रोज छातीला निलगिरीचं तेल चोळायचे. खोलीभर वास. मुंग्यांना तो सहन होत नाही. मी स्वतःशीच हसले आणि वहीत लिहून ठेवलं, निलगिरी, उत्तम.

पण माझा स्वभाव असा, की उत्तर मिळालं तरी ते तपासल्याशिवाय राहवत नाही. मी अण्णांना तीन दिवस तेल लावू नका म्हटलं. चादरी धुतल्या, फरशी साध्या पाण्याने पुसली, दारंखिडक्या दिवसभर उघड्या टाकल्या. वास गेला. खडा बदलला.

मुंग्या आल्या नाहीत. फटीपर्यंत एखादी यायची, मिशा हलवायची, आणि आली तशी परत फिरायची.

३

त्याच सुमारास अण्णांची शिट्टी थांबली.

हे एका दिवसात झालं नाही. आधी जिना चढल्यासारखी धाप लागणं कमी झालं, मग रात्री उठून बसणं गेलं. एका दुपारी मी मधल्या खोलीत पेपर तपासत होते आणि एकाएकी काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग ध्यानात आलं, की आतून आवाज येत नाही. चार वर्षं त्या शिट्टीच्या तालावर मी स्वयंपाक केला होता, झोपले होते. मी दाराशी जाऊन पाहिलं. अण्णा खुर्चीत बसून बावखलाकडे बघत होते. चेहरा स्वच्छ. पायांवर पांघरूण नव्हतं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर सरकलेला.

"मच्छर चावत नाहीत?" मी विचारलं. माझे स्वतःचे हात कोपरापर्यंत गांधींनी भरले होते.

"मला नाही चावत," अण्णा म्हणाले. "इथे आल्यावर आठवड्याभरात चावायचे बंद झाले."

त्यांनी मच्छरदाणी कधीच काढून ठेवली होती. मला पत्ता नव्हता.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छातीला नळी लावली, पाठीला लावली, म्हणाला, "शिट्टी अजिबात नाही. मस्त. काय केलंत?"

"हवा बदलली," मी म्हटलं.

मग त्याने बोटाला लावायचं ते छोटं यंत्र अण्णांच्या बोटाला लावलं. आकडा आला नाही. नुसत्या दोन रेघा. त्याने दुसरं बोट घेतलं, मग दुसऱ्या हाताचं. यंत्र स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, तिथे अठ्ठ्याण्णव. पुन्हा अण्णांना लावलं, पुन्हा रेघा. "बोटं गार आहेत आजोबांची," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांत होतं असं. पुढच्या वेळी बघू." आणि त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी अण्णांचा हात धरून बाहेर आले. हात खरंच गार होता. पण नोव्हेंबर लागला होता आणि त्या दवाखान्यात पंखा जोरात होता.

मी सुखावले होते, हे कबूल करते. माणूस सुखावला की फार प्रश्न विचारत नाही. रस्त्यात मी नारळपाणी घेतलं. अण्णांनी आपलं शहाळं माझ्या हातात दिलं. "तूच पी. मला नको वाटतं हल्ली."

४

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. त्या दुपारी अण्णा जेवायला मधल्या खोलीत टेबलाशी आले. एरवी ताट खोलीतच नेऊन द्यावं लागायचं.

मुंग्यांची रांग तेव्हा टेबलामागच्या भिंतीवरून जायची. तिला मी मुद्दामच हटवलं नव्हतं, निरीक्षण चालू होतं. अण्णा खुर्ची ओढून बसले. मी भात वाढत होते. भिंतीवरची रांग वाकली. सरळ दोऱ्याला मध्ये बोटाने दाबावं तशी. अण्णांच्या डोक्यामागे तिने मोठा बाक घेतला आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ झाली.

माझ्या हातात डाव तसाच राहिला.

अण्णा चार घास जेवले, हात धुवायला उठले. मोरीपाशी पोचेपर्यंत रांग हळूहळू सरळ झाली.

"अण्णा, जरा परत इथे बसता?"

"का गो?"

"असंच."

ते येऊन बसले. रांग वाकली. मी भिंतीकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

"मुंग्या बघतेस होय," ते म्हणाले. अगदी शांतपणे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "त्या येत नाहीत. बरंच आहे की. तुझं काम कमी झालं."

तेव्हा मला कळलं, की खोलीचं काही नव्हतंच. निलगिरीचं नव्हतं, फरशीचं नव्हतं.

तरी मी कारणं शोधत राहिले. वयाने घामाचा वास बदलतो. औषधं घामातून बाहेर पडतात. मुंग्या श्वासातली ऊब ओळखतात, डास श्वासाच्या मागावर येतात. शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले आणि वही मिटली.

मला जास्त लागलं ते दुसरंच. चर्चच्या गायनमंडळातला व्हिन्सेंट त्याची पेटी दुरुस्तीला देऊन गेला होता. तीन आठवडे ती खिडकीपाशी उघडी पडून होती. वरचं झाकण काढून ठेवलेलं, भाता गळका. अण्णांनी असं काम कधी टाकलं नव्हतं. त्या संध्याकाळी व्हिन्सेंट विचारायला आला.

"काका, ख्रिसमसची प्रॅक्टिस सुरू होणार आता."

"होईल," अण्णा म्हणाले.

व्हिन्सेंटने सहज भाता हाताने दाबला आणि एका सुरावर बोट ठेवलं. सूर इतका उतरलेला होता, की गाण्यातलं काही न कळणाऱ्या माझ्यासारखीच्याही दातांत कळ गेली. लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी कोणी बेसूर वाजवलं, तर अण्णा भरल्या ताटावरून उठून जायचे. "आधी तो सूर नीट करतो, मग जेवतो."

आता ते खिडकीबाहेर बघत होते. पापणीही हलली नाही. सूर वाजत राहिला, भात्यातली हवा संपेपर्यंत.

५

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीन वेलची केळ्यांचा घड घेऊन आली. आम्ही पुढच्या पडवीत बसलो. बोलता बोलता तिने स्वतःच्या दंडावरचा डास चापटीने मारला. मी विचारलं, "आमच्या आधी इथे कोण राहायचं?"

"फ्रेडरिक. माझा दीर. एकटाच होता, बायको आधीच गेलेली." तिने क्रूसाची खूण केली. "लय चांगला माणूस. शेवटी शेवटी तर नुसता त्या पायरीवर बसायचा, बावखलाच्या. कुणाशी भांडण नाय, काय मागणं नाय. जेवण पण कमी केलेलं."

"कशाने गेले?"

"कशाने नाय. खुर्चीत बसल्या बसल्या. आम्हाला तर कळलं पण नाय दोन दिवस. मला वाटायचं बसलाय. मी लांबून हात करून जायची." ती थोडी पुढे झुकली. आवाजात भीती नव्हती, अभिमान होता. "आणि सांगते टीचर, दोन दिवस हां, मे महिना. एक मुंगी नाय. एक माशी बसली नव्हती अंगावर. सिस्टर आल्या होत्या प्रार्थनेला, त्या पण बोलल्या, देवाचा माणूस होता."

केळ्यांच्या घडावर दोन चिलटं फिरत होती, ती मी बघत राहिले.

"काका पण तसेच आहेत," क्लेमेंटीन उठता उठता म्हणाली. "शांत. रोज दिसतात मला पायरीवर."

"रोज?"

"हां. तुम्ही शाळेत असता ना तेव्हा."

६

मंगळवारी मी शेवटचे दोन तास दुसऱ्या बाईंना दिले आणि लवकर निघाले. पापडीला रिक्षातून उतरले तेव्हा सव्वापाच झाले होते. घराला कुलूप नव्हतं. अण्णांच्या खोलीचं मागचं दार उघडं होतं.

वाफ्यांच्या टोकाला मी थांबले. अण्णा खालच्या पायरीवर पाठमोरे बसले होते. पाय पाण्याच्या अगदी जवळ. ऊन माडांमधून तिरपं येत होतं आणि बावखलावर चिलटं उठली होती. दिवस कलला की ती उठायचीच. हजारोंनी, पाण्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत, एकाच जागी वरखाली करणारी. उन्हात ती सोन्याच्या भुशासारखी दिसत होती. आवाज नव्हता, नुसती बारीक थरथर. मी तिथे उभी होते तरी माझ्या तोंडावर, केसांत ती बसत होती.

अण्णांच्या भोवती नव्हती. त्याचं मला आता नवल राहिलं नव्हतं. त्या सोनेरी भुशात अण्णांच्या आकाराची मोकळी जागा होती. डोकं, खांदे, पाठ. जरा सैल शिवलेल्या कपड्यासारखी.

मग दिसलं, की मोकळी जागा तेवढीच नव्हती. अण्णांच्या डाव्या बाजूला, पाण्यावर, आणखी एक होती. पाण्यापासून सुरू होऊन वर गेलेली. अण्णांपेक्षा पुष्कळ उंच, आणि वरचा भाग खाली वाकलेला. अण्णांच्या कानापाशी आलेला. तिच्या कडेला चिलटं गच्च होती, काठाला लागून वळत होती. आत काहीच नव्हतं. पलीकडचं अळू स्वच्छ दिसत होतं.

वारा असेल, मी मनात म्हटलं. झुळूक एका ठिकाणी थांबते कधी कधी. अळूची पानं हलत नव्हती.

अण्णा मान डोलावत होते. कोणी काही सांगत असताना आपण डोलावतो तशी, अधूनमधून. एकदा त्यांनी हात वर करून "हो, हो" असं केलं. मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. पातळ सदरा होता, उन्हात खालची हाडं कळत होती. मी बघत राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. पाठ हलत नव्हती. वर नाही, खाली नाही.

"अण्णा!"

मी हाक मारली ती माझ्याच कानाला फार मोठी वाटली. अण्णांनी सावकाश मान वळवली. आणि ती दुसरी मोकळी जागा सरळ झाली. वाकलेला भाग वर उठला. चिलटं एका बाजूला सरली, दुसऱ्या बाजूला भरून आली. मग ती जागा पाण्यावरून काठाकडे आली. पायरी, दुसरी पायरी. अळूची पानं हलली नाहीत, दगडावर काही वाजलं नाही. फक्त माझ्या आणि अण्णांच्या मधल्या हवेतली चिलटं दोन्हीकडे दूर होत होती, गर्दीतून कोणाला वाट करून द्यावी तशी. वाट माझ्याकडे येत होती.

माझ्या तोंडावर बसलेली चिलटं उडाली. सगळी एकदम. हातावरचा डास उडाला. गालांना गार लागलं. आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. फार बरं वाटलं. दिवसभर उभं राहून दुखणारे पाय दुखायचे थांबले. खाज थांबली. डोक्यातलं सगळं थांबलं.

"नाही," अण्णा म्हणाले. मोठ्याने नाही, पण त्यांच्या जुन्या आवाजात. बेसूर वाजवणाऱ्या पोराला थांबवताना असायचा तो आवाज. "ती नाही."

वाट तिथेच थांबली. मग मावळतीचं ऊन माडाआड गेलं, सोनेरी भुसा विझला आणि मला काहीच दिसेनासं झालं. माझ्या मानेला डास चावला.

अण्णा गुडघ्यावर हात ठेवून उठत होते. त्यांना उठताना त्रास होत होता. मी धावले आणि त्यांना धरलं.

"चल," ते म्हणाले. "सामान बांध."

७

त्याच संध्याकाळी साडेसातला आम्ही चंदनसारला पोचलो. बरोबर दोन पिशव्या, औषधं, आणि मांडीवर व्हिन्सेंटची पेटी, कारण अण्णा ती सोडायला तयार नव्हते. क्लेमेंटीनला मी फोनवर सांगितलं, की वडिलांना लांबच्या डॉक्टरला दाखवायचं आहे. बाकीचं सामान पुढच्या आठवड्यात टेम्पोवाल्याकडून मागवून घेतलं. मी स्वतः गेले नाही. पण आठ दिवस विचार करून तिला पुन्हा फोन केला आणि सांगितलं, की ते घर कोणाला भाड्याने देऊ नका.

"का हो टीचर? एवढी मस्त हवा आहे."

"तुम्ही त्या पायरीवर कधी बसता का?"

"नाय," ती म्हणाली. "मला तिथे बसलं की उठावंसं वाटत नाय. कामं पडतात ना घरात." आणि मग, "बरं. नाय देत."

टॉवरचं काम अजून चालूच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या छातीत शिट्टी वाजली. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊन दाराशी गेले आणि ऐकत उभी राहिले. आत ओढताना बारीक, बाहेर सोडताना घरघर. मी त्यांचं दुखणं परत आणलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मनगटावर एक डास बसला. मी सवयीने हात उगारला आणि तसाच धरून ठेवला. डासाचं पोट हळूहळू लाल होत गेलं. तो जड होऊन उडाला, तेव्हा मागे गांधी उठली, आणि अण्णांनी ती कराकरा खाजवली. मी आत जाऊन नळ सोडून रडले.

त्यांनी पेटी हातात घेतली. आठ दिवस लागले, कारण दर अर्ध्या तासाने थांबावं लागे. भात्याला नवीन चामडं, पट्ट्यांखाली नवीन कापड, एकेक सूर कानशीने घासून, वाजवून, पुन्हा घासून. तो उतरलेला सूर लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि तो बराच वेळ धरून ठेवला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिन्सेंट येऊन पेटी घेऊन गेला.

तो गेल्यावर आम्ही दोघं चहा घेत बसलो. बाहेर टॉवरवर ड्रिलचा आवाज चालला होता. एवढे दिवस मी विचारलं नव्हतं. त्या दुपारी विचारलं.

"अण्णा, तिथे तुम्हाला कसं वाटायचं?"

त्यांनी घोट घेतला, खोकले, सावरले. "तिथे श्वास घ्यावा लागत नव्हता गो," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. चांगल्या गावाला जाऊन आलेला माणूस बोलतो तसं बोलले. "चार वर्षं प्रत्येक श्वास मी ओढून ओढून घेतलाय. तिथे नुसतं बसायचं. काही करावं लागत नव्हतं. आणि सोबत होती."

"मग तुम्हीच का म्हणालात, सामान बांध?"

अण्णांनी कप खाली ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

"आधी माझ्यापुरतंच होतं, तेव्हा मी हो म्हणत होतो," ते म्हणाले. "मग ते तुझं विचारायला लागलं."

छातीतली शिट्टी वाढली होती. त्यांनी दम्याच्या पंपासाठी हात पुढे केला.